पाच शून्यं

शॉमबर्गमधल्या त्या ऑफिसात मॉडेल कुणीही बनवो, ते उपासना मेश्रामच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. असा काही लेखी नियम नव्हता, पण सतरा वर्षांत तो मोडायची छाती कुणाला झाली नव्हती. मालक ग्रेगला सुद्धा नाही. ऑफिस लहानच, चौदा माणसांचं. बसमध्ये व्हीलचेअर चढवायची लिफ्ट, दवाखान्यात पेशंटला उचलायचा पाळणा, असल्या यंत्रांची गणितं ते करून द्यायचे. यंत्र आधी कॉम्प्युटरवर बारीक बारीक तुकडे जोडून उभं करायचं, त्यावर वजन टाकायचं आणि लोखंड कुठे वाकेल, कुठे तुटेल ते बघायचं. याला रन करणं म्हणतात.

आता यातली गोम अशी की मॉडेल चुकलेलं असलं तरी रन होतं. उत्तर येतं, तेही छान लाल-निळ्या रंगात. कॉम्प्युटरला लाजबीज वाटत नाही. म्हणून रन करण्याआधी प्रत्येक गोष्टीवर संशय घेणारं एखादं खडूस माणूस लागतं. उपासना ते माणूस होती, आणि त्याचा तिला अभिमान होता.

तिच्या तपासण्या तीन. पहिली, मॉडेलचं वजन कागदावर हाताने काढायचं आणि कॉम्प्युटरच्या वजनाशी ताडून बघायचं. दुसरी, ते नुसतं स्वतःच्या वजनावर उभं करायचं आणि आधारांवर तेवढाच भार येतोय ना ते बघायचं. तिसरी तिची लाडकी. सगळे आधार काढून मॉडेल हवेत मोकळं सोडायचं. मोकळी वस्तू तीन दिशांना सरकू शकते आणि तीन प्रकारे फिरू शकते, म्हणून उत्तरात बरोबर सहा शून्यं यायला हवीत. सात आली तर काहीतरी सुटं राहिलंय. पाच आली तर कुठेतरी काहीतरी चोरून बांधलेलं आहे. तिन्ही झाल्या की निळ्या वहीत त्या मॉडेलच्या पानावर तीन टिक करायच्या, तारीख टाकायची, सही करायची. असल्या अकरा वह्या तिच्या कपाटात होत्या. नागपूरला अजनीच्या लोको शेडमध्ये तिचे वडील राजाराम चाकं तपासायचे. त्यांच्याकडेही अशाच वह्या होत्या. पण ते तिने ऑफिसात कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग मागच्या वर्षी आश्लेषा लिमये आली.

एकतीस वर्षांची, पुण्याची, हुशार. आणि वाईट म्हणजे चांगली. उद्धट असती, आळशी असती, दुसऱ्याच्या कामावर डल्ला मारणारी असती तर उपासनाला किती सोपं गेलं असतं! पण ही मुलगी पहिल्याच दिवशी येऊन म्हणाली, "उपासनाताई, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. मला शिकवाल ना?" उपासनाने शिकवलं. तीन महिने शेजारी बसवून सगळं शिकवलं. चौथ्या महिन्यात आश्लेषाने ते सगळं शिकून त्याची स्क्रिप्ट लिहिली.

"ताई, बघा ना, तुमचे चेक्स मी ऑटोमेट केलेत. वजन, भार, मोकळा रन, सगळं. तुम्हाला तीन तास लागतात ते चार मिनिटांत होतं."

ग्रेगने ते बघितलं, दोनदा बघितलं आणि म्हणाला, "धिस इज ब्यूटिफुल." सतरा वर्षांत तो उपासनाला थँक यू म्हणाला होता, गुड कॅच म्हणाला होता, एकदा नाताळात चॉकलेटचा डबाही दिला होता. ब्यूटिफुल म्हणाला नव्हता. तो शब्द तिच्या छातीत काट्यासारखा रुतला. घरी जाताना सिग्नल हिरवा झालेला तिला कळलाच नाही, मागच्या माणसाला हॉर्न वाजवावा लागला.

विवेकला, म्हणजे नवऱ्याला तिने हे सांगितलं तेव्हा तो कांदा चिरत होता. "बरंच झालं की," तो म्हणाला. "तीन तास वाचले तुझे."

"माझे तीन तास नाही वाचले विवेक. माझी गरज वाचली त्यांची."

"एवढं काय यार. पोरगी हुशार आहे, असू दे ना."

असू दे ना! उपासनाच्या पोटात जे दुखत होतं त्याला औषध नव्हतं, आणि ते जळणं आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं. ती स्वतःशी खोटं बोलणारी बाई नव्हती. तिला आश्लेषाच्या बोटांचा वेग खुपायचा. तिचं न अडखळता इंग्रजी बोलणं खुपायचं. "आमच्या घरी सगळेच इंजिनीअर, आजोबांपासून," असं ती एकदा डब्यातली थालीपीठं वाटता वाटता सहज म्हणाली, ते तर फारच खुपलं. उपासनाच्या घरात तिच्या आधी कुणी इंजिनीअर नव्हतं. तिला प्रत्येक पायरी हाताने चाचपत चढावी लागली होती, आणि ही लिफ्टने आली होती. यात आश्लेषाचा काही दोष नव्हता. हेच तर सगळ्यात जास्त खुपत होतं.

जखमेवर मीठ चोळायला घरातच माणूस होतं. सोळा वर्षांच्या मैत्रीची शाळेत रोबॉटिक्सची टीम होती. ऑफिसच्या पिकनिकमध्ये तिची आणि आश्लेषाची गट्टी जमली आणि आश्लेषा दर शनिवारी त्यांना मदत करायला जाऊ लागली, स्वतःहून, पंधरा मैल ड्राइव्ह करून.

"शी इज सो कूल, आई," मैत्री म्हणायची. "शी एक्स्प्लेन्स थिंग्ज सो वेल."

"मी पण सांगितलं होतं तुला तेच, मागच्या वर्षी."

"या, बट यू गेट मॅड."

 उपासनाने डिशवॉशर उघडला आणि आधीच नीट लावलेल्या ताटल्या काढून परत लावल्या.

मार्चमध्ये ग्रेगने जाहीर केलं की महिनाअखेर ऑफिसात एक नवं पद होणार आहे, मॉडेल क्वालिटी लीड. कुठलंही मॉडेल रन करायचं की नाही ते तो माणूस ठरवेल आणि त्याचं नाव प्रत्येक रिपोर्टवर छापलं जाईल. सतरा वर्षं जे काम उपासना करत होती त्यालाच आता नाव मिळणार होतं, आणि ते कुणाचं हे ग्रेगने सांगितलं नव्हतं. तो फक्त म्हणाला की दोन चांगली माणसं समोर आहेत. सगळ्यांनी आधी उपासनाकडे बघितलं आणि मग आश्लेषाकडे. आणि आश्लेषाकडे त्यांची नजर जरा जास्त वेळ राहिली, असं उपासनाला वाटलं. खरं-खोटं देव जाणे. जळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर फार भरवसा ठेवू नये.

त्याच आठवड्यात मोठं काम आलं. बसच्या व्हीलचेअर लिफ्टची नवी फळी, आधीपेक्षा हलकी, पत्रा पातळ केलेला. मॉडेल आश्लेषाचं. गुरुवारी सकाळी ग्राहकाबरोबर ऑनलाइन मीटिंग, आणि त्यांनी हो म्हटलं की रन.

मंगळवारी दुपारी आश्लेषा उपासनाच्या टेबलापाशी आली. "ताई, पाच मिनिटं आहेत का? लिफ्टच्या मॉडेलचं जरा बोलायचं होतं."

"आत्ता नाही," उपासना स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

बुधवारी सकाळी ती पुन्हा आली. "ताई, जरा इंपॉर्टंट होतं..."

"तुझी स्क्रिप्ट आहे ना? तिला विचार."

आश्लेषाचा चेहरा उतरला. ती "ओके" म्हणून गेली. उपासनाला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. पण लाज थोडी, बरं जास्त.

बुधवारी संध्याकाळी चारला ऑफिस रिकामं व्हायला लागलं. उपासनाने लिफ्टचं मॉडेल उघडलं. तपासायला म्हणून उघडलं असं ती कुणालाही सांगू शकली असती, पण ती चूक शोधायला बसली होती. दोन्हींत फरक आहे, आणि तो तिला माहीत होता. वजन बरोबर आलं. भार बरोबर आला. तिने मॉडेल हवेत मोकळं सोडलं. पाच मिनिटांनी उत्तर आलं.

शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. आणि सहावा आकडा, चांगला मोठा.

पाच शून्यं! तिला लहान पोरीसारखी उडी मारावीशी वाटली. ब्यूटिफुल स्क्रिप्टवालीच्या मॉडेलमध्ये काहीतरी चोरून बांधलेलं होतं. फळीला कुठूनतरी एक न दिसणारा टेकू मिळत होता, त्यामुळे ती आहे त्यापेक्षा भक्कम दिसत होती. त्या आकड्यांवर विसंबून पत्रा पातळ केला असता तर उद्या व्हीलचेअरवरचा एखादा माणूस खरोखरच्या फळीवर चढला असता, आणि तिला काही टेकूबिकू नसता.

उपासनाची एक जुनी सवय होती. चूक सापडली की तिचं मूळ सापडेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. कुठला बिंदू, कुणी बांधला, कधी बांधला, सगळं लिहून मगच उठायचं. त्या दिवशी ती उठली. मूळ शोधू दे तिलाच, असं म्हणाली. घरी जाताना गाडीत ती चक्क गुणगुणत होती.

गुरुवारी दहाला मीटिंग सुरू झाली. पडद्यावर ग्राहकाचे तीन इंजिनीअर, इकडे ग्रेग, आश्लेषा, उपासना आणि आणखी दोघंतिघं. आश्लेषाने मॉडेल दाखवायला सुरुवात केली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, जरा दबकत होता. उपासनाने ते ऐकलं आणि त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. दहा मिनिटं तिने दम धरला. मग हात वर केला.

"मी काल मोकळा रन घेतला," ती इंग्रजीत म्हणाली, शांतपणे, प्रत्येक शब्द सुटा करून. "पाच शून्यं येतात. सहा नाही. हे मॉडेल कुठेतरी जमिनीला बांधलेलं आहे."

 पडद्यावरच्या एका माणसाने चष्मा वर केला. ग्रेगचं तोंड लाल झालं. त्याने आश्लेषाकडे वळून विचारलं, तुला हे माहीत होतं?

"येस," आश्लेषा म्हणाली. "आय सॉ इट ऑन ट्यूजडे."

मग सांगितलं का नाहीस, ग्रेगने विचारलं. आश्लेषाने एकदा उपासनाकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते उपासनाला त्या क्षणी कळलं नाही. मग ती खाली बघून म्हणाली, "आय शुड हॅव. आय ॲम सॉरी."

ग्राहकाने मीटिंग पुढे ढकलली. ग्रेग उपासनाला म्हणाला, "गुड कॅच." त्या दिवशी तेवढंही तिला पुरलं. जेवणाच्या वेळी आश्लेषा कुणाशी न बोलता आपल्या टेबलापाशीच बसली. उपासनाने आपला डबा नेहमीपेक्षा सावकाश खाल्ला आणि वांग्याची भाजी फार चांगली झाली होती असं तिला आठवतं.

शुक्रवारी दुपारी तिने मूळ शोधायला घेतलं. आता रिपोर्टमध्ये लिहायचं होतं ना, आणि आश्लेषाच्या चुकीचं नाव, गाव, पत्ता आपल्या अक्षरात लिहायची हौसही होती. आधारांच्या यादीत काही सापडलं नाही, सापडणार नव्हतंच. टेकू यादीत नव्हता. एका बिंदूच्या स्वतःच्या नोंदीत, शेवटच्या रकान्यात, एक छोटासा आकडा होता. तो बिंदू वर-खाली हलू नये असा हुकूम. सगळे आधार काढले तरी हा जायचा नाही, कारण तो आधारांच्या यादीत येतच नाही; भाराच्या बेरजेत मात्र त्याचा वाटा धरला जातो, म्हणून दुसरी तपासणी बरोबर आली होती. बिंदू फळीच्या बाहेरच्या बिजागरीचा होता. आणि बिजागरी आश्लेषाची नव्हती.

बिजागरी टेम्प्लेटमधली होती. व्हीलचेअर लिफ्टची सगळी मॉडेलं ऑफिसात एका जुन्या तयार साच्यावरून बनत. हा साचा कुलूपबंद होता, तो बदलायचा अधिकार फक्त एका माणसाला होता आणि त्यात कधी काय बदललं त्याचा इतिहासही त्याच माणसाला दिसे. ते माणूस म्हणजे उपासना मेश्राम. तिने इतिहास उघडला. तो आकडा सात वर्षांपूर्वीचा होता. पहिल्या दिवसापासून होता. साचा बनवणारा पोरगा केव्हाच दुसऱ्या नोकरीवर गेला होता. खाली लिहिलं होतं, तपासलं, यू. मेश्राम.

तिने वही काढली. ते पान सापडलं. तीन टिक. वजन, भार, मोकळा रन. तारीख, सही. मग तिने त्या तारखेच्या रनचा फोल्डर उघडला. वजनाचा रन होता. भाराचा रन होता. तिसरा नव्हता.

आणि मग तिला आठवलं. तेव्हा ऑफिसात रन करायचं लायसन्स एकच होतं. एका वेळी एकाचंच मॉडेल चालायचं, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. त्या दिवशी पुढे कुणाचा तरी चार तासांचा रन लागला होता. तिने आपलं नाव रांगेत टाकलं, टिक आधीच करून ठेवली आणि म्हणाली, रन झाला की बघेन. बघितलं नाही. रांगेतून तिचं नाव कधी गळालं तेही तिला कळलं नाही. साचा एकदा तपासलेला, म्हणून त्यावरच्या लिफ्टांचा मोकळा रन परत कुणी घेत नसे, आणि स्क्रिप्ट आल्यापासून ही पहिलीच लिफ्ट होती. सात वर्षं त्या टिकवर तेवीस लिफ्टा तयार झाल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भर सभेत तिने जी चूक वाजवून दाखवली होती ती तिचीच होती.

शनिवार-रविवार तिने घर घासून काढलं. मैत्रीने सांगितलं की आश्लेषाने शनिवारचं कॅन्सल केलं, "शी साउंडेड सॅड." विवेकने दोनदा विचारलं, काय झालं, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली काही नाही. रविवारी बुद्धविहारात सगळे डोळे मिटून बसले तेव्हा तिला एकच गोष्ट दिसत होती, मीटिंगमधलं आश्लेषाचं ते बघणं. आश्लेषाला माहीत होतं. मंगळवारीच माहीत होतं की बिजागरी टेम्प्लेटमधली आहे. तेच सांगायला ती दोनदा आली होती. आणि ग्रेगने विचारलं तेव्हा तिने उपासनाचं नाव घेतलं नाही. स्वतःवर घेतलं.

आणि इतकं होऊनही उपासनाच्या मनात पहिला विचार काय यावा? हिच्यात हाही गुण आहे! मोठं मन सुद्धा हिच्याकडेच. जळायला आणखी एक गोष्ट मिळाली.

सोमवारी आठ वाजता ती ग्रेगच्या खोलीत गेली. सांगायचं हे तिने पक्कं केलं होतं. पण सगळं सांगवेना. टेम्प्लेटमध्ये चूक होती, टेम्प्लेट मी तपासलं होतं, माझ्या नजरेतून सुटलं, आश्लेषाचा दोष नाही, एवढं तिने सांगितलं. नजरेतून सुटलं या शब्दात पुष्कळ काही झाकलं जातं. त्यात निदान नजर टाकली होती असं येतं.  ग्रेगने विचारलं, किती मॉडेलं? ती म्हणाली, तेवीस. त्याने कपाळाला हात लावला. तेवीसही परत तपासायची, तो म्हणाला, आजपासून, आणि ते काम आश्लेषाच्या हाताखाली होईल. लीडचं म्हणाल तर, तो म्हणाला, आता वेगळं सांगायला नको.

नको होतंच. उपासना बाहेर आली. पद गेलं होतं आणि ते जिच्याकडे जायला नको होतं तिच्याकडेच गेलं होतं. पण एक समाधान तिने मुठीत धरून ठेवलं होतं. आपण खरं बोललो. त्या मुलीवरचा डाग आपण पुसला. आता तिला जाऊन सांगू, ती रडेल कदाचित, ताई म्हणेल. तेवढं तरी आपलं.

तिने आश्लेषाला लहान मीटिंग रूममध्ये बोलावलं. दार लावलं. "मी ग्रेगला सांगितलं," ती म्हणाली. "तो पॉइंट टेम्प्लेटमधला होता. चूक माझी होती. तुझी नव्हती."

आश्लेषा रडली नाही. "ओके," म्हणाली. "थँक यू."

एवढंच? उपासनाला राहवेना. "तुला मंगळवारपासून माहीत होतं. मग सगळ्यांसमोर माझं नाव का नाही घेतलंस? मला कशाला वाचवलंस?"

आश्लेषाने मान वर केली. "वाचवलं?" तिला खरंच समजलं नव्हतं. मग समजलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी कडवट आलं. "ताई, खरं सांगू? मी तुम्हाला नाही वाचवलं. मी घाबरले होते."

"कशाला?"

"तुम्हाला."



"हे बघा ना," आश्लेषा म्हणाली. आता बोलायला लागली तशी ती थांबेना. "टेम्प्लेट तुम्ही तपासलेलं. तुम्ही मोकळा रन घेतल्याशिवाय टिक करत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणजे तेव्हा सहा शून्यं असणारच. मग आता पाच कशी? नंतर कुणीतरी तो पॉइंट बांधला. टेम्प्लेट लॉक्ड. उघडायचा राइट फक्त तुम्हाला. मी दोनदा विचारायला आले, दोनदा तुम्ही मला हाकललंत. आणि गुरुवारी तुम्ही क्लायंटसमोर बरोबर तेच काढलंत. मी काय समजू?"

"काय समजलीस?"

"तुम्हीच तो ठेवलाय. माझ्यासाठी."

  उपासनाला आधी राग आला, खूप राग आला. सतरा वर्षं! मॉडेलमध्ये मुद्दाम चूक पेरायची? मी? मग तिने मनातल्या मनात आश्लेषाचं म्हणणं तपासलं, जसं ती कुठलंही मॉडेल तपासायची, एक एक जोड हलवून. त्यात कुठेच काही सुटं नव्हतं. तिच्या टिकवर विश्वास ठेवला तर दुसरं काही निघतच नव्हतं.

"मी नाही ठेवला," ती म्हणाली.

"ओके ताई."

ते ओके तिने ऐकलं. विश्वास बसल्याचं ओके वेगळं असतं. ही पोरगी तिच्याशी उद्याही नीट बोलणार होती, ताई म्हणणार होती, आणि आयुष्यभर मनात धरून राहणार होती की या बाईने मला खड्ड्यात घातलं. हे खोटं होतं. साच्याचा इतिहास दाखवून उपयोग नव्हता, तोही तिच्याच ताब्यातला. खोटं ठरवायला उपासनाकडे एकच पुरावा होता, तो ग्रेगपासून सुद्धा लपवलेला. एक तर ती दुष्ट ठरत होती, नाहीतर सतरा वर्षं जिच्या नावावर ऑफिस चाललं ती तपासनीसच ठरत नव्हती. मधली जागा नव्हती.

ती उठून गेली आणि निळी वही आणि लॅपटॉप घेऊन आली. वही उघडून तिने ते पान पुढे केलं. "ही टिक." मग लॅपटॉप वळवला. "आणि हा त्या दिवसाचा फोल्डर. वजनाचा रन. भाराचा रन. तिसरा शोध."

आश्लेषाने खाली-वर बघितलं. तारखा बघितल्या. पुन्हा बघितल्या. "नाहीये," ती हळू म्हणाली.

"नाहीये. टिक आहे, रन नाही. मी घेतलाच नाही. लायसन्सच्या रांगेत होते, टिक आधी केली आणि विसरले. पहिल्या दिवसापासून पाचच होती." तिने लॅपटॉप मिटला. "मी ग्रेगला म्हटलं नजरेतून सुटलं. ते पण खोटं होतं. मी बघितलंच नव्हतं."

 आश्लेषाच्या खांद्यांतला ताठरपणा गेला, ते उपासनाला दिसलं. "सॉरी ताई," ती म्हणाली. "मी तुमच्याबद्दल असं काही मनात..."

"सॉरी म्हणू नको." उपासनाला आता थांबायचं नव्हतं. "मी तो पॉइंट ठेवला नव्हता. पण गुरुवारी तू खाली मान घालून सॉरी म्हणालीस ना, तेव्हा मला छान वाटलं होतं. खूप छान. घरी जाऊन मी शिरा केला."

आश्लेषाने तिच्याकडे बघितलं आणि मग वहीकडे. बराच वेळ ती त्या तीन टिकांवरून बोट फिरवत राहिली. मग तिने विचारलं, आवाजात कसलाही डंख नव्हता, एखादा इंजिनीअर विचारेल तसं विचारलं.

"ताई, अशा अजून किती आहेत?"

उपासनाच्या डोळ्यांसमोर कपाटातल्या अकरा वह्या आल्या. लायसन्स एकच होतं ती सगळी वर्षं आली. घाईचे शुक्रवार आले. मैत्री लहान असताना डे-केअर सहाला बंद व्हायचं, ती सगळी पावणेसहाची वेळ आली. एकही नाही, असं म्हणायला तिचा जीव तडफडत होता, आणि तसं म्हणायला तिच्याकडे काहीही आधार नव्हता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "तुझ्या स्क्रिप्टला जुने फोल्डर वाचता येतील का?"

"येतील."

उपासनाने वही मिटली आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवली. "मग मला तपास," ती म्हणाली.